विश्लेषण : शाळेची आरोग्यविषयक सूचना आली, पालकांनी नेमके काय करायचे?

जून महिन्यात शाळा सुरू झाली की पालकांच्या मोबाइलवर सूचनांचा पाऊस सुरू होतो. गणवेश, वह्या, बसचे पैसे, पालकसभा… या गर्दीत मधूनच एखादी सूचना येते : ‘उद्या शाळेत आरोग्य तपासणी आहे’, ‘सर्व विद्यार्थ्यांना जंतनाशक गोळी देण्यात येईल’, ‘संमतीपत्र सही करून पाठवावे’. अनेक पालक अंगठा दाखवून पुढे जातात. काही जण घाबरून त्या दिवशी मुलाला घरीच ठेवतात. प्रवेशाच्या अर्जात ‘विद्यार्थ्यास काही आजार आहे का?’ असा एक रकाना असतो. तिथे आजार असूनही ‘नाही’ असे लिहून मोकळे होणारे पालकही कमी नाहीत. शाळेची सूचना आणि हा रकाना, दोन्हींचा संबंध मुलाच्या जिवाशी असू शकतो. त्यामागची व्यवस्था समजून घेतली तर निर्णय घेणे सोपे जाते.

शाळेतील आरोग्य तपासणी कोण करते?

सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये ही तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये या देशव्यापी कार्यक्रमाची सुरुवात महाराष्ट्रातूनच, त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधून झाली. शून्य ते १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये जन्मजात व्यंग, पोषणाची कमतरता, आजार आणि वाढीतील विलंब या चार गोष्टी लवकर शोधणे हा त्याचा उद्देश. फिरत्या पथकात साधारणपणे दोन डॉक्टर (एक पुरुष, एक स्त्री), परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा जाते.

तपासणीत उंची, वजन, डोळे, दात, कान, त्वचा, हृदयाचे ठोके पाहिले जातात. काही संशयास्पद आढळले तर मुलाला ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवण्याची चिठ्ठी दिली जाते. पुढील उपचार, गरज असल्यास शस्त्रक्रियाही या कार्यक्रमातून मोफत होऊ शकतात. मात्र ही साखळी बहुतेक वेळा चिठ्ठीपाशीच तुटते. चिठ्ठी दप्तराच्या तळाशी राहते, पालकांचा एक दिवसाचा रोज बुडणार असतो, ‘पोरगं तर चांगलं खेळतंय’ म्हणून विषय संपतो. फळा नीट न दिसणारे मूल अभ्यासात ‘ढ’ ठरते आणि साध्या चष्म्याने सुटणारा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळतो. म्हणून तपासणीच्या दिवशी संध्याकाळी मुलाला ‘काही चिठ्ठी दिली का?’ एवढे विचारणे गरजेचे आहे.

विनाअनुदानित खासगी शाळा आपापल्या पद्धतीने तपासणी शिबिरे घेतात. तिथे तपासणी कोण करणार, पैसे लागणार का आणि अहवाल पालकांना मिळणार का, हे आधी विचारून घ्यावे.

सगळ्याच मुलांना जंताची गोळी कशासाठी?

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो. साधारणपणे फेब्रुवारी आणि ऑगस्ट अशा दोन फेऱ्या असतात. राज्यानुसार तारखा पुढेमागे होतात. एक ते १९ वर्षे वयोगटातील मुलांना अल्बेंडाझोल हे औषध दिले जाते. दोन वर्षांवरील मुलांसाठी मात्रा ४०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि एक ते दोन वर्षांच्या बाळांसाठी अर्धी गोळी.

‘माझ्या मुलाला जंत नाहीत, मग गोळी कशाला?’ हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. जंत पोटात असूनही अनेकदा काहीच लक्षण दिसत नाही. प्रत्येक मुलाची शौचाची तपासणी करणे खर्चिक आणि वेळखाऊ, तर औषध स्वस्त आणि सुरक्षित. म्हणून ज्या भागात जंतांचा प्रादुर्भाव आहे तिथे सरसकट गोळी देण्याचे धोरण आहे. जंतांची अंडी मातीतून, न धुतलेल्या भाज्यांतून आणि हातांतून पुन्हा पोटात जातात. त्यामुळे एकदा गोळी घेऊन भागत नाही.

गोळी शिक्षकांसमोर, नीट चावून खायची असते. घरी न्यायला दिली जात नाही. त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांसाठी काही दिवसांनी पुन्हा एक फेरी होते. ज्यांच्या पोटात जंत जास्त असतात अशा काही मुलांना मळमळ, पोटदुखी, क्वचित उलटी होऊ शकते. हा त्रास सहसा काही तासांत थांबतो. एका मुलाला मळमळले की शेजारच्या बाकावरच्यांनाही तसेच वाटू लागते आणि मग ‘गोळीने शाळेतील मुले आजारी’ असा संदेश गावभर फिरतो. ताप असलेल्या, आजारी किंवा दुसरे औषध सुरू असलेल्या मुलाला त्या दिवशी गोळी देऊ नये, असा नियम आहे. पण मूल आजारी आहे, हे शिक्षकांना कळवायचे पालकांनीच.

निळी गोळी कोणती?

ती लोह आणि फॉलिक ॲसिडची. सरकारी व अनुदानित शाळांत दहा ते १९ वयोगटातील मुला-मुलींना ती आठवड्यातून एकदा देण्याचा कार्यक्रम आहे. लहान मुलांच्या गोळीचा रंग गुलाबी असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे रक्तक्षयग्रस्त आढळले. म्हणजे वर्गातील दहा मुलींपैकी सहा जणींना दमणे, धाप लागणे, अभ्यासात लक्ष न लागणे असा त्रास असू शकतो आणि घरी त्याला ‘आळस’ असे नाव पडलेले असते.

ही गोळी उपाशीपोटी घेतली तर मळमळते. म्हणून जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत घ्यावी. शौचाचा रंग काळपट होतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. गोळीच्या आगेमागे चहा घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी ते चांगले शोषले जाते. थॅलेसेमिया असलेल्या किंवा वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या मुलांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाची गोळी देऊ नये. सिकलसेलग्रस्त मुलांबाबतही आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. विदर्भातील आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागातील शाळांसाठी ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

शाळेत लस देताना पालकांची संमती लागते का?

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार धनुर्वात आणि घटसर्पापासून संरक्षण देणारी टीडी लस वयाच्या दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यायची असते. अनेक ठिकाणी पाचवी आणि दहावीच्या वर्गांत ती शाळेतच दिली जाते. शाळेत न मिळाल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. बाळपणीच्या लशींचा प्रभाव हळूहळू कमी होतो, म्हणून ही वर्धक मात्रा लागते. सुई टोचलेल्या जागी दुखणे, हलका ताप येणे हे एक-दोन दिवसांत ओसरते. लस घेतल्यावर अर्धा तास मुलाला तिथेच थांबवतात.

महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीकरण मोहीम शाळांपासून सुरू झाली, तेव्हा समाजमाध्यमांवरील अफवांमुळे अनेक पालक धास्तावले होते. याच मोहिमेसंदर्भात जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पालकांच्या संमतीला महत्त्व दिले. संमती देताना लशीचे नाव, ती कोणत्या आजारासाठी आहे, संभाव्य त्रास कोणता आणि त्रास झाल्यास संपर्क कोणाशी करायचा, ही माहिती मिळणे अपेक्षित असते. संमतीपत्रात ती नसेल तर वर्गशिक्षकांकडे किंवा आरोग्य केंद्रात विचारावी. मुलाला आधी एखाद्या लशीची किंवा औषधाची ॲलर्जी झाली असेल तर ते संमतीपत्रावरच लिहून द्यावे.

आजारी मुलाला शाळेत कधी पाठवू नये?

‘बुडवू नकोस, चाचणी आहे’ म्हणून तापाची गोळी देऊन मुलाला शाळेत पाठवले जाते. दुपारपर्यंत गोळीचा असर उतरतो आणि तोवर निम्म्या वर्गापर्यंत विषाणू पोहोचलेला असतो. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची साथ पसरली, तेव्हा शाळा आणि वसतिगृहांनी याचा अनुभव घेतला. डॉक्टर सर्वसाधारणपणे पुढील काळजी घ्यायला सांगतात.

● ताप : औषध न घेता २४ तास ताप आला नाही, की मगच शाळा.
● गोवर : पुरळ उठल्यापासून किमान चार दिवस घरी.
● कांजिण्या : सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत घरी.
● गालगुंड : सूज आल्यापासून पाच दिवस घरी.
● जुलाब-उलट्या : पूर्ण थांबल्यानंतर एक-दोन दिवसांनी शाळा.
● डोळे येणे : पाणी आणि चिकट स्राव थांबेपर्यंत घरी, रुमाल, टॉवेल वेगळा.

डोक्यात उवा झाल्या म्हणून मात्र मुलीला घरी बसवण्याची गरज नसते. औषध लावून ती शाळेत जाऊ शकते. संसर्गजन्य आजाराचे निदान झाल्यास शाळेला लगेच कळवावे, म्हणजे इतर पालकांना सावध करता येते. शाळेनेही ते मुलाचे नाव न घेता कळवायला हवे.

मुलाचा आजार शाळेला सांगावा का?

सर्वाधिक संकोच इथेच होतो. ‘फिट येते असे कळले तर मुले चिडवतील’, ‘सहलीला नेणार नाहीत’, मुलगी असेल तर ‘पुढे लग्नाला अडचण येईल’. या भीतीपोटी आजार लपवला जातो. ही भीती पूर्णपणे निराधार आहे असेही नाही; आजारी मुलांना वेगळे पाडण्याचे प्रकार घडतात. पण मूल दिवसाचे सहा-सात तास शाळेत असते आणि त्या वेळात त्याच्याजवळ फक्त शिक्षक असतात. बहुतेक शाळांत परिचारिका नसते.

आकडी आली तर नाकाला कांदा किंवा चप्पल लावणे, दातांत चमचा घालणे हे उपाय अजूनही केले जातात. तोंडात काही घातल्याने दात तुटणे, गुदमरणे असे धोके असतात. मुलाला कुशीवर वळवणे, डोक्याखाली मऊ काही ठेवणे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करणे आणि वेळ मोजणे, एवढेच करायचे असते. आकडी पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा लागोपाठ आली तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवायची. शिक्षकांना हे आधी माहीत असेल तर गोंधळ होत नाही.

टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलाची साखर अचानक उतरली तर त्याला घाम सुटतो, हात थरथरतात, ते बरळू लागते. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज लगेच द्यावे लागते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता रुग्णालय गाठावे लागते. ‘तासाला खायचे नाही’ हा वर्गातला साधा नियम या मुलासाठी घातक ठरू शकतो. दम्याच्या मुलाचा पंप कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद ठेवण्यापेक्षा हाताशी असणे आवश्यक असते.

आजार सांगायचा तो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्हे. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि खेळाचे शिक्षक यांना, तेही लेखी. मुलाच्या आजाराची माहिती मर्यादित लोकांतच राहावी, असे सांगण्याचा पालकांना अधिकार आहे.

शाळेत औषध कोण देणार?

शिक्षकांनी स्वतःच्या मनाने औषध देणे योग्य नाही आणि ‘माझ्या मुलाला दुपारी गोळी द्या’ असा तोंडी निरोपही पुरेसा नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि पालकांची सही असलेले पत्र द्यावे. औषध मूळ वेष्टनात, मुलाचे नाव लिहून पाठवावे आणि त्याची मुदत तपासावी. शक्य असल्यास डॉक्टरांशी बोलून औषधाच्या वेळा शाळेबाहेर बसवून घ्याव्यात.

मनाच्या आरोग्याचे काय?

केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमानुसार २०२० पासून शाळांमध्ये दोन शिक्षकांना, एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या शाळेत ते कोण आहेत, हे पालकसभेत विचारता येते. झोप न लागणे, जेवण कमी होणे, शाळेचे नाव काढताच पोट दुखणे अशी लक्षणे सतत दिसू लागली तर शिक्षकांशी बोलावे. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. मुलांसाठी मदतवाहिनी १०९८ आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. शाळेबाहेरच्या टपरीवर गुटख्याच्या पुड्या लटकत असतील तर पालकसभेत तो विषय काढायलाच हवा.

थोडक्यात, या आठवड्यात काय करता येईल?

मुलाचे लसीकरण कार्ड शोधून टीडीची नोंद पाहणे. गेल्या तपासणीची चिठ्ठी दप्तरात पडून आहे का, हे बघणे. शाळेत दिलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, याची खात्री करून पर्याय म्हणून काका, मावशी किंवा शेजाऱ्यांचा एक क्रमांक देणे. आणि अर्जातल्या त्या रकान्यात ‘नाही’ असे खोटे लिहिले असेल, तर वर्गशिक्षकांना एकांतात भेटून ते दुरुस्त करणे. यातील शेवटचे काम सर्वांत अवघड आहे, पण शाळेत मुलाला अचानक त्रास झाला तर शिक्षकांच्या हाती तेवढीच माहिती असेल.