आजी, बाबाला सांगू नकोस

फेब्रुवारीतली शनिवारची सकाळ, वेळ पावणेसातची, बाहेर उणे २२ अंश. अशा वेळी कॅनडातल्या ओटावा शहरात एखादी मराठी आजी अंथरुणात असावी, असे कोणालाही वाटेल. मी मात्र अंगावर मुलाचा कोट, त्यावर माझी शाल आणि हातात चहाचा थर्मास अशा अवतारात एका बंदिस्त बर्फाच्या मैदानाच्या लाकडी पायऱ्यांवर बसले होते. समोर तेरा वर्षांची माझी नात रिंगेट खेळत होती.

रिंगेट हा शब्द मीही इथे येईपर्यंत ऐकला नव्हता. आइस हॉकीसारखाच हा खेळ, पण चकतीऐवजी निळे रबरी कडे आणि वाकड्या काठीऐवजी सरळ दांडा. दांड्याचे टोक कड्यात खुपसायचे, कडे बर्फावरून ओढत न्यायचे आणि गोलात मारायचे. गोलरक्षक धरून एका बाजूला सहाजणी. १९६३ साली ओंटारिओ प्रांतातल्याच नॉर्थ बे या गावी सॅम जॅक्स नावाच्या गृहस्थांनी तो काढला. ते तिथल्या नगरपालिकेच्या करमणूक विभागाचे प्रमुख होते. हिवाळ्यात मुलगे हॉकी खेळत, मुलींना बर्फावर सांघिक खेळच नव्हता, म्हणून हा खटाटोप. एस्पानोला गावच्या रेड मॅकार्थी यांनी नियम घडवायला हातभार लावला आणि पहिला सामनाही तिथेच झाला. १९७५ मध्ये जॅक्स गेले. पुढे हा खेळ फिनलंडमध्ये असा रुजला, की जागतिक स्पर्धेत फिनलंडच्या मुली कॅनडाला पाणी पाजतात.

मला खेळ आवडला तो त्यातल्या एका नियमामुळे. मैदानावर दोन निळ्या रेषा असतात. कडे घेऊन ती रेषा एकटीने ओलांडायची नाही. रेषेपलीकडच्या मैत्रिणीकडे ते द्यायलाच हवे. कितीही वेगवान मुलगी असो, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटी जाऊच शकत नाही. हे समजले तेव्हा मी मुलाला म्हटले, "अरे, हा तर खो आहे!" मी सांगलीची, शाळेत असताना खो-खो खेळलेली. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली बांधले, हे आमच्या सरांनी आम्हाला पाठ करून घेतले होते. त्यातही पाठलाग करणारीला मागे वळता येत नाही, मग बसलेलीला खो देणे भागच. दोन्ही खेळ हावरटपणाला जागा ठेवत नाहीत. शिवाय रिंगेटमध्ये अंगावर जाणे, धक्का देणे निषिद्ध. दिलाच तर दोन मिनिटे बाहेर बसायचे आणि संघाने तेवढा वेळ एकीने कमी खेळायचे. कडे हातात आले की ३० सेकंदांत गोलावर फटका मारायचा, नाहीतर ते दुसऱ्यांना. रेंगाळायलाही मुभा नाही.

स्पर्धेच्या सुरुवातीला प्रत्येक घरी नियमांचे एक पत्रक आले होते. खेळाचे नियम थोडे, वागण्याचे जास्त. मुलींच्या कपडे बदलण्याच्या खोलीत मोबाइल काढायचा नाही. संघाच्या बाकावर एक तरी प्रौढ स्त्री हवीच. सामना संपला की हरलेल्यांनी आणि जिंकलेल्यांनी रांगेत उभे राहून हात मिळवायचे. पालकांसाठी तर वेगळा परिच्छेद होता. पंचांशी बोलायचे नाही, दुसऱ्या संघातल्या मुलीचे नाव घेऊन ओरडायचे नाही आणि प्रशिक्षकाबद्दल तक्रार असेल तर सामन्यानंतर २४ तास थांबून मगच करायची. या शेवटच्या नियमाचे मला फार हसू आले. आपल्याकडे गल्लीतल्या क्रिकेटलासुद्धा तो लावला, तर निम्मी भांडणे मिटतील. आणि निम्मे क्रिकेटही.

मी हसले खरी, पण पहिल्याच सामन्यात नियम मोडला तो मीच. आमच्या एका मुलीला दोन मिनिटांसाठी बाहेर काढले, तेव्हा मी उभी राहून पंचांना खणखणीत मराठीत विचारले, "अहो, डोळे आहेत का?" भाषा कोणाला कळली नाही, पण सूर जगात सगळीकडे एकच असतो. मुलाने माझी शाल ओढली. "आई, खाली बस. ती पंच दहावीतली मुलगी आहे." मी नीट पाहिले. हेल्मेटखाली चेहऱ्यावर मुरुमे, दातांना तारा. शाळा सांभाळून शनिवार-रविवार पंचगिरी करणारी पोर. मी खाली बसले, ती सामना संपेपर्यंत चहाचेही नाव काढले नाही.

त्याच दिवशी दुपारच्या सामन्यात ते घडले. माझी नात आणि समोरची एक मुलगी दोघी एकाच कड्यामागे धावल्या. कोणी कोणाला ढकलले नाही. दोघींचे स्केट्स अडकले आणि माझी नात घसरत जाऊन मैदानाच्या लाकडी कुंपणावर आदळली. डोके आपटल्याचा आवाज मी ऐकला. ती लगेच उठली, हात वर करून 'ठीक आहे' अशी खूण केली आणि खेळली. पुढे तिनेच दिलेल्या कड्यावर विजयी गोल झाला. रविवारी अंतिम सामना! गाडीत मुली ओरडून ओरडून गात होत्या. माझी नात मात्र खिडकीला डोके टेकून बसली होती. दमली असेल, असे आम्ही म्हटले.

रात्री ती माझ्या खोलीत आली. "आजी, दिवा बंद कर ना. डोळ्यांना लागतोय." मग हळूच, "डोकं दुखतंय. पण बाबाला सांगू नकोस हं. उद्या फायनल आहे."

मी काय केले? दिवा बंद केला, सांगलीहून आणलेली अमृतांजनची बाटली काढली आणि तिच्या कपाळाला चोळत बसले. वर म्हटले, "नाही सांगत. झोप. सकाळी बरं वाटेल."

हे लिहिताना आज हात थांबतो. पण तेव्हा मला त्यात काहीही वावगे वाटले नव्हते. उलट अभिमानच वाटला. कारण मी स्वतः तेच केले होते. शाळेत असताना जिल्ह्याच्या अंतिम सामन्याआधी दोन दिवस माझा गुडघा पिरगळला होता. सरांना कळले असते तर बाहेर बसावे लागले असते, म्हणून मी आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधून खेळले. आम्ही जिंकलो. ती ढाल शाळेच्या कपाटात असेल-नसेल, पण गुडघा माझ्याजवळ आहे. गेल्या कित्येक वर्षांत मी जिना सरळ उतरलेली नाही. ही गोष्ट मी घरात शंभर वेळा सांगितली होती, आणि दर वेळी शौर्यकथा म्हणून. नात तीच ऐकत मोठी झाली.

रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. फ्रिजच्या दारावर चुंबकाने अडकवलेला एक कागद होता. रोज दिसायचा, कधी वाचला नव्हता. हंगामाच्या सुरुवातीला मुलगा आणि नात दोघांनी त्यावर सह्या केल्या होत्या. त्यात डोक्याच्या दुखापतीबद्दल लिहिले होते: मला किंवा माझ्या सहकाऱ्याला असे काही झाल्याची शंका आली, तर मी ती लपवणार नाही. वर नाव होते 'रोवन्स लॉ'.

सूनबाई कामाच्या पाळीवरून तेव्हाच घरी आल्या होत्या. मी सहज विचारल्यासारखे विचारले, "ही रोवन कोण गं?"

"इथलीच मुलगी, आई. ओटावाची."

रोवन स्ट्रिंगर सतरा वर्षांची होती, शाळेच्या रग्बी संघाची कर्णधार. २०१३ च्या मे महिन्यात एका आठवड्याच्या आत तिच्या डोक्याला पुन्हा पुन्हा मार लागला. काहीतरी बिघडले आहे, हे तिला जाणवले होते. तिने संगणकावर लक्षणे शोधली, मैत्रिणींना निरोप पाठवून विचारले. मोठ्या माणसांपैकी कोणाला मात्र सांगितले नाही. शेवटच्या सामन्यात पुन्हा पडली, ती शुद्धीवर आलीच नाही. २०१५ मध्ये तिच्या मृत्यूची चौकशी होऊन ४९ शिफारशी झाल्या आणि २०१८ मध्ये ओंटारिओने तिच्या नावाने कायदा केला. आता इथे खेळाडूने आणि अठरा वर्षांखालची मुले असतील तर त्यांच्या पालकांनीही, दरवर्षी हा मजकूर वाचल्याशिवाय संघात नावच नोंदवले जात नाही. कायद्याचा गाभा साधा आहे. डोक्याला हादरा बसल्याची शंका आली, की खेळाडू बाहेर. खात्री होण्याची वाट पाहायची नाही. आणि परत यायचे ते डॉक्टरांनी किंवा अधिकृत नर्स प्रॅक्टिशनरने लेखी मान्यता दिल्यावरच. प्रशिक्षकाच्या, आईबापाच्या किंवा मुलाच्या मर्जीने नाही.

सूनबाईंनी तिथेच उभ्या उभ्या मला समजावून सांगितले. मेंदू कवटीत द्रवावर तरंगत असतो. हेल्मेट कवटी वाचवते, पण आतला हादरा थांबवत नाही. एक्स-रेमध्ये तो दिसत नाही, सूज नाही, रक्त नाही. दिसते ती डोकेदुखी, उजेड सहन न होणे, मंदपणा. तो भरून यायच्या आत दुसरा मार लागला, तर क्वचित मेंदूला अशी सूज येते, की काही मिनिटांत खेळ आटोपतो.

उजेड सहन न होणे. मी पेला ठेवला आणि म्हटले, "तिला उठवा."

रात्रीचे साडेबारा वाजले होते. आईबापांनी तिला उठवले, प्रश्न विचारले. उलटी नव्हती, शुद्ध होती, पण उत्तरे सावकाश येत होती आणि वार विचारल्यावर ती जरा थांबली. मग दवाखाना, तिथले चार तास, आणि पहाटे निदान: हादराच होता. अंतिम सामन्याचा प्रश्नच उरला नाही. गाडीत तिने माझ्याकडे पाहिले नाही. "तू प्रॉमिस केलं होतंस," एवढेच म्हणाली. मुलगा मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

संघ दोन गोलांनी हरला. पत्रकातला २४ तासांचा नियम माझ्या नातीने माझ्यापुरता तिप्पट पाळला. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पडदे ओढलेल्या खोलीत पडून असायची. पहिले दोन दिवस विश्रांती, टीव्ही-मोबाइल जवळजवळ नाहीच. मग थोडे चालणे, मग अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण. शाळा जमल्याशिवाय खेळ नाही. त्यानंतर एकटीने स्केटिंग, मग संघाबरोबर पण धडकेचा धोका नसलेला सराव. प्रत्येक पायरीवर किमान एक दिवस, आणि डोके दुखले की एक पायरी मागे. माझी नात दोनदा मागे आली. सगळे मिळून पाच आठवडे गेले. त्यात हंगाम संपला.

चौथ्या दिवशी ती माझ्या पलंगावर येऊन बसली. मी गुडघ्याला तेल लावत होते. तिने बाटली माझ्या हातातून घेतली.

"आजी, तुझा गुडघा दुखत होता तेव्हा तू कोणालाच नाही सांगितलंस?"

"एका मैत्रिणीला सांगितलं होतं. पट्टी तिनेच बांधून दिली."

"तिने सरांना का नाही सांगितलं?"

मी म्हटले, "मी तिला शपथ घातली होती." नात तेल चोळत राहिली. मग म्हणाली, गुडघा इथे जरा सुजलेला वाटतोय, बाबाला सांगू का? मी म्हटले, सांग.