ससा खाऊन उपासमार!

कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलात हिवाळी कॅम्पला जाणारे काही जण जेवणासाठी ससे पकडतात. बर्फात ससा त्याच त्याच वाटेने जातो. त्या वाटेवर बारीक तारेचा फास टांगला की झालं. आपण तंबूत शेकोटीच्या स्टोव्हपाशी, फास नाइट ड्यूटीवर!

पण सशाच्या मांसात चरबी जवळपास नसतेच. नुसतं तेच खाल्लं तर पोट भरतं, भूक जात नाही. मग जुलाब, अशक्तपणा, कधी मृत्यूसुद्धा. कारण लिव्हर प्रोटीन एका मर्यादेपर्यंतच पचवू शकतं. आर्क्टिक फिरलेल्या स्टेफान्सनने १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलमध्ये स्वतःवर प्रयोग केला: चरबीविना मांसाने काही दिवसांतच आजारी, चरबी मिळताच बरा. म्हणून सामानात लोणी हवंच. (मेसच्या तर्रीला नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

आपल्याकडे मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे, हं!