तेराव्याच्या खर्चाचा विमा आणि त्याचा एजंट

रायपूरच्या बुढापाऱ्यात, बूढा तलावाच्या काठी, मराठी घरं जुनी आहेत. घरात मृत्यू झाला की अंत्यविधीपासून तेराव्यापर्यंतचा खर्च त्याच पंधरवड्यात समोर येतो. अमेरिकेत एवढ्यासाठी वेगळी पॉलिसी विकतात. आपल्याकडे हे काम छोट्या रकमेचा आयुर्विमा करतो.

तो विकायचा तर किमान वय १८, शिक्षण दहावी. २५ तासांचं प्रशिक्षण आणि आयसी-३८ ही परीक्षा. एक गोष्ट आधीच समजून घ्या: एजंटला आयुर्विम्याची एकच कंपनी धरता येते. अनेक कंपन्यांच्या साध्या पॉलिसी विकायच्या असतील तर ब्रोकरमार्फत ‘पॉइंट ऑफ सेल्स पर्सन’ व्हावं लागतं.

सुरुवात ओळखीच्या घरांतूनच होते, म्हणून जबाबदारी मोठी. ग्राहक १८ ते ५० वयाचा असेल, तर बँकेतली प्रधानमंत्री जीवनज्योती योजना आधी सांगा. वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचं संरक्षण मिळतं. त्यात तुम्हाला कमिशन नाही, तरीही सांगा. पहिला हप्ता स्वतः भरून पॉलिसी गळ्यात मारू नका. विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार तो गुन्हा आहे.

साखर, रक्तदाब, तंबाखू यांतलं काहीही अर्जात लपवू देऊ नका. पहिल्या तीन वर्षांत मृत्यू झाला, तर लपवलेल्या आजारावरून दावा नाकारला जाऊ शकतो. आणि नॉमिनीचं नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा.