घड्याळाचे आकडे पोस्ट करताय? आधी नकाशा कापा

आपल्या जऊळक्यात स्टेशनकडे सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या हातात आता स्मार्टवॉच दिसतं. घरी पोहोचायच्या आत पोस्टही पडलेली असते: पावलं, कॅलरी, हृदयाचे ठोके आणि खाली रेघ मारलेला नकाशा.

मीपण टाकायचो. दुकानदारानं रोज लोकांच्या नजरेसमोर राहावं, हे मीच तुम्हाला शिकवतो ना! मग एक दिवस काउंटरवर एक गिऱ्हाईक सहज म्हणालं, "दादा, तुम्ही पावणेसहाला निघता अन् सातला परत येता, नाही का?" त्याच्या मनात काही नव्हतं. पण मी चपापलो. रात्री महिनाभराच्या पोस्ट काढून बघितल्या. सगळ्या रेघा एकाच जागेवरून निघत होत्या, माझ्या दारातून. अन् दुकानाचा गल्ला रात्री घरीच असतो, हे तर गावाला माहीतच आहे.

यात मोठमोठेही फसलेत. स्ट्राव्हा नावाचं धावणाऱ्यांचं ॲप आहे. त्यांनी नोव्हेंबर 2017 मध्ये जगभरातल्या वापरकर्त्यांच्या हालचालींचा एकत्र नकाशा काढला. त्यात कुणाचंही नाव नव्हतं. तरी जानेवारी 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्यानं दाखवून दिलं, की सीरिया, अफगाणिस्तानातले लष्करी तळ त्यात चमकतायत. कारण साधं होतं: सैनिक घड्याळ घालून तळावरच धावत होते. म्हणजे एका दिवसाची रेघ काही बोलत नाही, पण रोजच्या रेघा एकावर एक आल्या की बोलायला लागतात.

म्हणून पोस्ट बंद करायची का? नाही. गिऱ्हाइकाला तुमची पावलं आवडतात, पत्ता त्याला नकोच असतो. स्क्रीनशॉटमधला नकाशा आणि वेळ कापून टाका. स्ट्राव्हात सुरुवात-शेवट लपवायची सोय आहे, नकाशाच्या सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करा. आणि पोस्ट संध्याकाळी टाका, काय बिघडतं?

आता ज्यांना जिम, झुंबा किंवा योगाचा क्लास काढायचाय, त्यांनी नीट ऐका. मेंबरचं वजन, ठोके, चालायचा रस्ता ही तुमची जाहिरात नाही, त्यांची माहिती आहे. एखादी ताई पहाटे एकटी चालते, तिचा नकाशा तुम्ही क्लासच्या पेजवर टाकला, तर तिचा रस्ता अन् वेळ तुम्ही चारचौघांत सांगितली. फी भरली म्हणजे परवानगी दिली, असं होत नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच सांगतो: संमती ठरावीक कामापुरती असते आणि ती परत घेता येते. मी तर म्हणतो, प्रवेशाच्या फॉर्मवर वेगळी ओळ ठेवा आणि त्यावर वेगळी सही घ्या. काय टाकणार, कुठे टाकणार, ते तिथेच लिहा. कुणी नंतर "काढा" म्हटलं तर त्याच दिवशी काढा, कारण विचारत बसू नका.

माझ्या जुन्या पोस्ट काढायला दोन रात्री गेल्या. तुम्ही आज संध्याकाळी तुमच्या शेवटच्या दहा पोस्ट उघडून बघा, रेघा कुठून निघतात ते.