विष उचलणारी झाडे आणि उरलेले ओझे

कातडे कमावण्याचे काम या समाजव्यवस्थेने ठरावीक जातींच्या माथी मारले आणि त्याच कामाचा विटाळ मानला. विसाव्या शतकात बाभळीच्या सालीची व हिरड्याची जागा मोठ्या प्रमाणावर क्रोमियमच्या क्षारांनी घेतली. काम झटपट होऊ लागले. पण नवे विष आले. तामिळनाडूतील राणीपेट येथे ही रसायने बनवणारा एक कारखाना १९९०च्या दशकात बंद पडला. त्याचा लाखाहून अधिक टन कचरा मात्र उघड्यावर राहिला आणि त्यातले क्रोमियम भूजलात झिरपले. जगातील दहा अतिप्रदूषित ठिकाणांच्या २००६च्या एका यादीत राणीपेटचे नाव होते.

अशी जमीन झाडे आणि सूक्ष्मजंतू साफ करू शकतात काय? काही अंशी, होय. परंतु एक गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे. धातू हे मूलद्रव्य आहे. सांडपाण्यातली घाण जंतू खाऊन संपवतात. धातू कोणालाच संपवता येत नाही. त्याचे रूप बदलता येते, त्याला जागीच बांधता येते किंवा तेथून हलवता येते.

रूप बदलण्याचे काम जंतूंचे. षट्संयुजी क्रोमियम पाण्यात विरघळते, पेशीत शिरते, कर्करोग घडवते. बॅसिलस, स्यूडोमोनास या कुळांतील काही जंतू त्याचे त्रिसंयुजी रूप करतात. ते फारसे विरघळत नाही, मातीला धरून राहते. या जंतूंना खाद्य म्हणून साखर कारखान्यातली मळीही चालते. मात्र मातीत मँगनीजची ऑक्साइडे असली, तर काही क्रोमियम पुन्हा घातक रूपात जाऊ शकते.

बांधण्याचे काम वाळ्यासारख्या खोल मुळांच्या गवताचे. क्रोमियम बहुतांशी मुळातच अडकते, माती वाहून जात नाही. हलवण्याचे काम वेगळ्या झाडांचे. मोहरी शिसे व कॅडमियम शोषते. एक नेचे आर्सेनिक पानांत साठवते, हे फ्लॉरिडातील संशोधकांनी २००१ साली दाखवले. खर्च कमी; पण वर्षानुवर्षे लागतात आणि मुळे पोचतात तेवढ्याच खोलीपर्यंत उपाय चालतो.

खरा प्रश्न यानंतरचा आहे. विषाने भरलेली ती पाने कोण कापणार? कोण वाहणार? ती कोठे पुरणार? शेळीने ती खाल्ली किंवा चुलीत जळण म्हणून गेली, तर विष पुन्हा माणसांतच येईल. मैला उचलण्याचे काम ज्यांच्यावर लादले गेले, त्यांच्याच हाती उद्या हा भारा दिला जाईल, ही भीती निराधार नाही.

प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोर भागातील चर्मोद्योगाच्याच खटल्यात मान्य केले. तेव्हा कार्यकर्त्यांनी केवळ झाडे लावा म्हणून थांबू नये. माती-पाण्याची तपासणी लोकांसमोर मांडली जावी, कापणाऱ्यांना संरक्षक साधने व रास्त मजुरी मिळावी, भारा सुरक्षित जागी जावा आणि खर्च मालकाने सोसावा, ही मागणी लावून धरली पाहिजे. झाड विष उचलते. त्या विषाची जबाबदारी माणसालाच उचलावी लागते.