चित्रकथा-अंकांची प्रतवारी व विक्री

जुन्या चित्रकथा-अंकाची, म्हणजेच कॉमिक्सची, भौतिक अवस्था तपासून त्याचा दर्जा व त्यानुसार मूल्य ठरविण्याची पद्धत. तीत मुखपृष्ठ, कणा, तारेचे टाके, पानांची संख्या व कागदाचा रंग पाहतात. अमेरिकेत यासाठी दहा गुणांची श्रेणी रूढ आहे. मराठी अंकांपैकी ‘इंद्रजाल कॉमिक्स’ (१९६४–९०) या मालिकेस संग्राहकांची विशेष मागणी असते.

असे अंक वाचून झाल्यावर बहुधा रद्दीत जात. उरलेल्या प्रतींवर अनेकदा घरगुती डागडुजी आढळते. नांदेड, लातूर भागांत उन्हाळ्यात तापमान ४०° से. पेक्षा अधिक होते. अशा उष्णतेत चिकटपट्टीचा चिकट थर मऊ होऊन कागदात मुरतो व तपकिरी डाग पडतो. पिठाच्या खळीला पावसाळ्यात बुरशी व कसर लागते, तर तारेचे टाके गंजतात. अनेक अंक एकत्र बांधताना कडा कापल्या गेल्यास ती हानी भरून निघत नाही.

प्रतवारीत अशी डागडुजी दोषच मानली जाते. तथापि विक्रीपूर्वी चिकटपट्टी ओढून काढू नये; तिच्याबरोबर छपाईचा थरही निघतो. उडालेल्या रंगावर शाई भरून ती लपविणे ही ग्राहकाची फसवणूक होय. प्रत आहे तशीच ठेवून तिच्यातील डाग, कापलेल्या कडा, गहाळ पाने व दुरुस्त्या यांची स्पष्ट नोंद विक्रेत्याने द्यावी. दर्जा कमी ठरला, तरी सर्व पाने असलेल्या प्रतीचे वाचनमूल्य व संदर्भमूल्य टिकून राहते.