तांबड्या पेशीतील एक अक्षर

भिलाईच्या पोलाद कारखान्यात ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि या गावाचे नाव लोखंडाशी कायमचे जोडले गेले. परंतु तेथील प्रत्येक माणसाच्या अंगीही तीन-चार ग्रॅम लोह असते, व ते मुख्यतः रक्तातील तांबड्या पेशींत. छत्तीसगडात, तसेच शेजारच्या गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर जिल्ह्यांत, याच पेशींचा सिकलसेल नावाचा आनुवंशिक विकार अनेक घरांत आढळतो. पेशी, प्रथिन, जनुक हे शब्द त्या घरांत केवळ क्रमिक पुस्तकातले राहत नाहीत.

पेशी म्हणजे सजीवाचा सर्वांत लहान जिवंत घटक. बाहेरून पातळ पटल, आत पेशीद्रव आणि बहुधा एक केंद्रक, अशी तिची रचना असते. तांबडी पेशी मात्र पक्व होताना केंद्रक टाकून देते आणि जवळजवळ सारी जागा हीमोग्लोबिनला मोकळी करते. एकेका पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू मावतात! हीमोग्लोबिन हे प्रथिन होय. आणि प्रथिन म्हणजे ठराविक क्रमाने ओवलेली, ठराविक घडी पडलेली अमिनो आम्लांची माळ. येथे अशा चार माळा असतात : दोन १४१ मण्यांच्या, दोन १४६ मण्यांच्या. प्रत्येकीच्या कुशीत लोहाचा एक अणू असतो. उघड्या लोखंडाला दमट हवेतील प्राणवायू भेटला की गंज चढतो. हे लोह मात्र फुप्फुसात प्राणवायू धरते आणि शरीरात जेथे हवा तेथे सोडून देते. ही सारी करामत त्या घडीची.

मण्यांचा क्रम जनुक ठरविते. जनुक म्हणजे डीएनए या लांबलचक रेणूवर चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला मजकूर. सिकलसेलमध्ये त्यातील एकच अक्षर बदलते आणि १४६ मण्यांच्या माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. दोष रेणूतच आहे हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखविले. तो मणी कोणता हे १९५७ साली व्हर्नन इन्ग्रॅम यांनी सिद्ध केले. प्राणवायू सुटताच असे रेणू एकमेकांस चिकटून त्यांचे तंतू बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना होतात. एरव्ही १२० दिवस जगणारी पेशी दहा-वीस दिवसांतच नष्ट होते.

या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडची, एक वडिलांकडची. एकच सदोष असेल तर ती व्यक्ती वाहक होय, रोगी नव्हे. वाहक सहसा निरोगी असतो. हिवतापापासून त्याला काहीसे संरक्षणही मिळते, म्हणूनच हिवतापाच्या मुलुखात हे जनुक टिकून राहिले. दोन वाहकांचा विवाह झाल्यास मात्र प्रत्येक अपत्य रोगी होण्याची शक्यता चारांत एक असते. सोयरीक मोडताना हा भेद कोणी पाहत नाही आणि बोल बहुधा मुलीलाच लागतो. वस्तुतः दोहोंकडून सदोष प्रत आल्यावाचून मूल रोगी होतच नाही.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी योजिली आहे. त्यातील साधी विद्राव्यता चाचणी विकृत हीमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. वाहक की रोगी, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या दुसऱ्या चाचणीनेच कळते.